'डू यू माइंड'ला हो म्हणू नकोस

मला ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. मीही लालबागचीच. परळच्या वॉर्डात नर्स म्हणून सहा वर्षं काढलीस, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात लागणारे 7 मिळवलेस, आणि आता विचारतेस की इंग्लंडमध्ये परवानगी कशी मागायची, नाही कसं म्हणायचं. बरं झालं विचारलंस. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिथल्या वॉर्डातला माझा पहिला आठवडा, ऑगस्टचा उकाडा. खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' मी हसून 'येस, येस' म्हटलं. त्यांनी कडीवरचा हात खाली घेतला आणि गप्प बसल्या. मी त्यांना चक्क नाही म्हटलंय, हे मला दुपारी कळलं. फार वाईट वाटलं. प्रश्न असतो 'तुमची हरकत आहे का?' हरकत नसेल तर 'नो, नॉट ॲट ऑल'. पटकन सुचलं नाही तर 'प्लीज डू' म्हण.

'आजी, हात द्या बरं जरा' म्हणताना आपला सगळा गोडवा त्या 'द्या', 'बरं', 'जरा'मध्ये असतो. इंग्रजीत 'गिव्ह मी युअर हँड' म्हटलं की हुकूम होतो, मागे प्लीज लावलं तरी. तिथे विचारायचं, 'इज इट ऑल राइट इफ आय टेक युअर ब्लड प्रेशर?' आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बीपीचा पट्टा तुझ्या हातात असू दे, त्यांच्या दंडाला लावू नकोस. ही नुसती रीत नाही. स्वतःचं भलंबुरं समजणाऱ्या प्रौढ पेशंटला उपचार नाकारायचा तिथे कायद्याने हक्क आहे. नाही म्हणाले तर 'दॅट्स फाइन, आय विल कम बॅक लेटर' म्हण आणि तशी नोंद कर.

शाळेतलं 'मे आय' चुकीचं नाही, पण रोज 'कॅन आय', 'कुड आय' पुरतं. फक्त 'कुड आय?'ला उत्तर 'येस, यू कॅन' असतं, 'यू कुड' नाही.

ऑपरेशनआधी नातेवाईक पाणी द्यायला निघाले की आपण 'नाही हं, पाणी नाही' म्हणतो, कुणी मनाला लावून घेत नाही. तिथे 'आय ॲम अफ्रेड नॉट जस्ट येट' म्हणायचं आणि लगेच कारण सांगायचं.

गणपतीची रजा हवी असेल तर 'वुड इट बी ऑल राइट इफ आय टुक फ्रायडे ऑफ?' यातला 'टुक' म्हणजे भूतकाळ नव्हे, अदब. त्यावर मॅनेजर 'आय ॲम नॉट शुअर वी कॅन मॅनेज दॅट' म्हणाल्या, तर ते आपल्या मेट्रनचं 'बघू' समज. मी पहिल्या वर्षी होकाराची वाट बघत राहिले आणि अनंत चतुर्दशीला ड्युटीवर होते.

आणि जादा शिफ्ट नको असेल तर 'सॉरी, आय ॲम अफ्रेड आय कान्ट धिस टाइम', एवढंच. सासूबाईंची तब्येत, मुलाची परीक्षा असं सांगत बसू नकोस. कारण ऐकलं की त्या मनापासून त्यावर तोडगा सुचवतात, आणि मग रविवार तुझा राहत नाही.