आधी डिफरन्शियल, मग इंजिन

प्रश्न : मी लंडनमध्ये राहतो. माझ्याकडे १९९१ची १.६ लिटरची माझदा एमएक्स-५ आहे. तिचे डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरयंत्रणा) साधे आहे. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे) बसवून इंजिनही ट्यून करावे असे मनात आहे. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : डिफरन्शियलपासूनच करावी. वळणावर आतल्या बाजूच्या मागच्या चाकावरचा भार हलका होतो, ते जागच्या जागी फिरू लागते आणि साध्या डिफरन्शियलमध्ये बाहेरच्या, चांगली पकड असलेल्या चाकालाही त्यामुळे पुरेसा जोर मिळत नाही. अशा वेळी इंजिनची ताकद वाढवली, तर टायर तेवढे लवकर झिजतील. तुमच्या गाडीचे मूळ डिफरन्शियल आकाराने लहान व नाजूक आहे. म्हणून १९९४ नंतरच्या १.८ लिटर गाडीतील टॉर्सन डिफरन्शियल (लिमिटेड-स्लिपचाच एक प्रकार) त्याचे हाउसिंग म्हणजे बाहेरचे कवच, चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट यांच्यासह बसवणे उत्तम. टॉर्सन गिअरवर चालते, त्यात झिजणाऱ्या क्लच प्लेट नसतात. मात्र एक चाक पूर्ण अधांतरी गेले, की तेही जवळपास साध्यासारखेच वागते. क्लच प्लेटचा लिमिटेड-स्लिप प्रकार ट्रॅकवर सरस ठरतो, पण पार्किंगमध्ये वळताना कटकट आवाज करतो आणि त्याला विशेष तेल लागते.

ट्यूनिंगबद्दल अपेक्षा माफक ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनात नुसता ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बदलून फारसे काही पदरात पडत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या आणि मॅपिंग, म्हणजे ईसीयूतील इंधन व ठिणगीची जुळवणी, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) लावूनच करवून घ्या. हे सर्व बदल विमा कंपनीला आधी कळवा, अन्यथा दावा फेटाळला जाऊ शकतो.