तिसऱ्या स्पेलला बघ

प्रिय मित्रा,

मंगळवारी रात्री फोनवर तुला नीट उत्तर देता आलं नाही. ‘सर, आमचा वेगवान गोलंदाज छत्तीस वर्षांचा आहे. पाच आठवड्यांत चार सामने. घ्यायचा की नाही, एवढंच सांगा,’ असं तू म्हणालास आणि मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. जिल्ह्याच्या निवड समितीवर पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाला ‘बघू’ म्हणणं बरं नव्हे. त्या रात्री झोप लागली नाही. आज वही घेऊन बसलोय.

तू त्याच्या वयापासून सुरुवात केलीस, तिथंच अडकलास. आधी त्याच्या मागे कोण उभा आहे ते बघ. त्याचं वय नंतर.

21 जुलै 2011 ला तू शाळेत असशील. लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला दोन हजारावा सामना सुरू झाला. भारत तेव्हा कसोटीत पहिल्या क्रमांकावर होता. ढगाळ हवा, धोनीनं टॉस जिंकून गोलंदाजी घेतली आणि आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं नवा चेंडू हातात घेतला. कुक आणि स्ट्रॉस, इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर त्यानं काढले. मी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. चौदाव्या षटकात तो मधेच थांबला, मांडीच्या मागे हात गेला. 13.3 षटकं, 18 धावा, 2 बळी. त्यानंतर त्या मालिकेत त्यानं एकही चेंडू टाकला नाही.

पुढचं तुला आकड्यांवरून कळेल, पण मला ते दृश्य म्हणून आठवतं. प्रवीण कुमार मध्यमगती माणूस, त्यानं त्या डावात 40.3 षटकं टाकली. स्वतः धोनी पॅड काढून गोलंदाजीला आला आणि द्रविड यष्टींमागे उभा राहिला. पीटरसन नाबाद 202, इंग्लंड 8 बाद 474 वर डाव घोषित. तो सामना 196 धावांनी गेला, मालिका 0-4 गेली, आणि पहिला क्रमांकही गेला.

तेव्हा सगळे म्हणायला लागले, झहीरला नेलाच कशाला? मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. 32 वर्षांचा होता तो. तीनच महिन्यांपूर्वी विश्वचषकात 21 बळी घेतले होते, पाकिस्तानच्या आफ्रिदीच्या बरोबरीनं स्पर्धेत सर्वांत जास्त. चार वर्षांपूर्वी त्याच इंग्लंडमध्ये, ट्रेंट ब्रिजवर, दुसऱ्या डावात 5 बळी काढून त्यानं आपल्याला सामना आणि त्याबरोबर मालिका मिळवून दिली होती. असा गोलंदाज घरी ठेवून इंग्लंडला कोण जाईल?

चूक त्याच्या निवडीच्या आधी झाली होती. जानेवारीत केप टाउनला तो कसोटी खेळला, त्यानंतर थेट लॉर्ड्स. मधल्या काळात विश्वचषक आणि आयपीएल. म्हणजे दहा-दहा आणि चार-चार षटकं. जून-जुलैत वेस्ट इंडीजमधल्या तीन कसोट्यांत तो नव्हता. लॉर्ड्सच्या आधी सरावाचा सामना एकच, टाँटनला, तीन दिवसांचा. चार षटकं टाकणाऱ्या शरीराला एकदम दिवसाला पंचवीस षटकं मागितली, तर वीस वर्षांचा पोरगाही कुठंतरी फाटेल. तिशी ओलांडलेल्याचा स्नायू आधी बोलतो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. थकलेला गोलंदाज बाहेर गेला की त्याच्या वाट्याची षटकं कुठं जात नाहीत. ती दुसऱ्या कुणाला तरी टाकावी लागतात. प्रवीणनं तीन कसोट्यांत 15 बळी घेतले, आणि ओव्हलच्या शेवटच्या कसोटीला तोही उभा राहू शकला नाही. मग आर. पी. सिंगला अमेरिकेतून, सुट्टीवरून बोलावलं. त्याची आधीची कसोटी होती 2008 ची. त्या ओव्हलवर त्याला बळी मिळाला नाही. मी त्या पोराला कधीच दोष दिला नाही. सुट्टीवरच्या माणसाला आठवडाभरात ओव्हलवर नवा चेंडू देणाऱ्यांनी आधी काय केलं, हा प्रश्न आहे.

याच्या उलट 2025 च्या इंग्लंड दौऱ्याकडे बघ. बुमरा म्हातारा नाही, पण पाठीचं ऑपरेशन झालेला गोलंदाज आहे. तो पाचांतल्या तीन कसोट्या खेळेल, हे निघण्याआधीच ठरवून जाहीर केलं होतं. लोक चिडले. पण आपण एजबॅस्टन आणि ओव्हलच्या कसोट्या जिंकलो, त्या दोन्ही सामन्यांत तो नव्हता. एजबॅस्टनला आकाश दीपनं 10 बळी घेतले आणि सिराज पाचही कसोट्या धावत राहिला. मागचा माणूस तयार असला की पुढच्याला विश्रांती देताना हात थरथरत नाही.

म्हणून तुझ्या बैठकीत छत्तीस वर्षांच्या नावावर चर्चा सुरू झाली की तू विचार, तिसऱ्या सामन्यात याच्याऐवजी कोण? त्याचं नाव काय? त्यानं गेल्या दोन महिन्यांत सामन्यांत किती षटकं टाकलीत? नेट्समधली मोजू देऊ नकोस. नेट्समध्ये सहा चेंडू टाकले की पाणी प्यायला मिळतं, फाइन लेगला उन्हात उभं राहावं लागत नाही, आणि बॅट्समन बाद झाला तरी पुन्हा तोच समोर असतो. कुणाकडे नाव नसेल, तर तुम्ही म्हाताऱ्याची निवड करत नाही आहात, नशिबावर सोडून देत आहात.

आता त्या गोलंदाजाकडे येऊ. तू म्हणालास, परवाच्या सामन्यात त्यानं सकाळी तीन बळी घेतले. सकाळी ताज्या विकेटवर, नव्या चेंडूवर तो अजून पाच वर्षं बळी घेईल. हात लक्षात ठेवतो. तू चहानंतर जा. पॅव्हेलियनमध्ये बसू नकोस, तिथं गप्पा मारणारे असतात. साइटस्क्रीनच्या बाजूला, त्याच्या पाठीमागे उभा राहा आणि तिसरा स्पेल, म्हणजे त्याच्या सलग षटकांची तिसरी खेप, बघ. पुढचा पाय टाकताना गुडघा वाकतोय का? हात कानाजवळून येतोय की बाहेर पडायला लागलाय? थकलेल्या गोलंदाजाचा टप्पा आधी आखूड होतो, मग तो ते लपवायला जास्तच पुढे टाकतो आणि ड्राइव्ह खातो. दोन चेंडूंच्या मधे परत चालत जाताना तो किती वेळ लावतो तेही बघ. सीमारेषेवर चेंडू आला की वाकून उचलतो की पाय लावतो? आणि सर्वांत खरी साक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. साडेआठला मैदानावर जा आणि तो गाडीतून कसा उतरतो ते बघ.

स्पीडगनवर फार जाऊ नकोस. झहीर 2006 साली संघाबाहेर होता, तेव्हा इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीला जाऊन त्यानं 78 बळी काढले, रन-अप कमी केला, आणि परत आला तो आधीपेक्षा चांगला गोलंदाज होऊन. वेग कमी झाला तरी डोकं वाढलेलं असू शकतं. वेग पहिल्या स्पेलपासून तिसऱ्यापर्यंत किती उतरतो, तेवढं मात्र बघ.

फिरकीवाल्यांचं वेगळं असतं. पद्माकर शिवलकर सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईकडून रणजी खेळले. तुझ्या संघातल्या डावखुऱ्या फिरकीपटूचं वय काढून कुणी बोलायला लागलं तर त्याला हे सांग आणि पुढच्या नावाकडे जा.

एक अवघड गोष्ट सांगतो, कारण ती तुला चुकवता येणार नाही. टिकणं आणि सामना फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झहीरचंच बघ. 2012 च्या डिसेंबरमध्ये त्याला वगळलं. 2013 मध्ये तो फ्रान्सला जाऊन शरीर घडवून आला, दक्षिण आफ्रिकेत परतला, जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून 300 वा बळी घेतला. मग फेब्रुवारी 2014, वेलिंग्टन. न्यूझीलंड दुसऱ्या डावात 5 बाद 94, आपल्याला डावानं जिंकायची संधी. तिथून मॅकलम आणि वॉटलिंगनं 352 धावांची भागी केली. पस्तीस वर्षांच्या झहीरनं त्या डावात 51 षटकं टाकली आणि 5 बळी घेतले. मॅकलमलाही शेवटी त्यानंच बाद केलं, पण 302 वर. सामना अनिर्णित राहिला, मालिका गेली, आणि झहीर पुन्हा कसोटी खेळला नाही.

लॉर्ड्सला जे शरीर तेरा षटकांत तुटलं, त्याच शरीरानं अडीच वर्षांनी, वय वाढलेलं असताना, 51 षटकं पेलली. मेहनतीनं हे होऊ शकतं. मला त्या 51 षटकांबद्दल आजही फार आदर वाटतो. पण त्या मधल्या दीड दिवसात, जुन्या चेंडूवर, जोडी फोडणारं काही त्याच्याकडे उरलं नव्हतं, बाकीच्यांकडेही नव्हतं. तुझ्या छत्तीस वर्षांच्या गोलंदाजाच्या बाबतीत हा प्रश्न स्वतःला विचार. तो थकणार नाही, मान्य. पण चेंडू साठ षटकं जुना असताना कॅप्टन त्याच्याकडे बळीसाठी वळेल की फक्त धावा रोखायला? धावा रोखायला घ्यायचा असेल तरी घ्या. मात्र तसं कॅप्टनला स्पष्ट सांगा, म्हणजे बळीसाठी दुसरा कुणी त्या अकरात असेल.

‘पहिल्या सामन्यात ठेवू नका, दुसऱ्यासाठी राखून ठेवू,’ असं तुमच्याकडे कुणीतरी म्हणत होतं ना? डिसेंबर 2021 मध्ये इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रिस्बेनला अँडरसन आणि ब्रॉड या आपल्या सर्वांत अनुभवी वेगवान गोलंदाजांना, दोघांनाही, बाहेर ठेवलं. इंग्लंड पहिल्या डावात 147 मध्ये गडगडलं आणि सामना 9 गड्यांनी हरलं. अॅडलेडला गुलाबी चेंडूवर दोघे खेळले, तरी 275 धावांनी हरले. मालिका 0-4. नंतर वेस्ट इंडीज दौऱ्यावर दोघांनाही नेलंच नाही, तीही मालिका गेली. मग कर्णधार बदलला, जूनमध्ये दोघे परत आले, अँडरसननं लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी 4 बळी घेतले. त्या तीन महिन्यांत कुणाचं वय कमी झालं नव्हतं. राखून ठेवणं कधी शहाणपणाचं असतं, पण त्याचं कारण खेळपट्टी आणि दोन सामन्यांमधले दिवस असावेत. ‘वय झालंय’ एवढंच कारण असेल तर ते लिहून काढ आणि स्वतःच वाचून बघ.

तरुणाचाही विचार कर. कपिल देव न्यूझीलंडच्या हॅडलीच्या 431 बळींच्या विक्रमामागे होता तेव्हा सगळा देश त्याच्याबरोबर मोजत होता, मीही मोजत होतो. फेब्रुवारी 1994, अहमदाबाद. तो विक्रम मोडला त्या दिवशी मी पेढे वाटले. पण जवागल श्रीनाथ 1991 मध्ये ब्रिस्बेनला कसोटीत आला होता आणि भारतात त्याला पहिली कसोटी मिळाली ती 1994 च्या नोव्हेंबरमध्ये, कपिल गेल्यावर. आपल्या फिरत्या खेळपट्ट्यांवर तीन फिरकीपटू खेळायचे हे त्याचं एक कारण होतंच. तरी वेगवान गोलंदाजाची बावीस ते पंचवीस ही वर्षं कोण परत देणार? पेढे वाटताना मला श्रीनाथ आठवला नव्हता.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखाच समितीवर होतो. आमच्याकडे एक गोलंदाज होता. बारा हंगाम त्यानं संघ वाहिला. सकाळी कामावर हजेरी लावून मैदानावर यायचा. आम्ही त्याला वगळलं, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या स्पेलला त्याच्यात काही उरत नव्हतं. पण त्याला कुणी सांगायचं यावर आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीच सांगितलं नाही. मी त्याला सगळ्यांत जास्त ओळखत होतो, म्हणजे ते माझं काम होतं. त्यानं नोटीस बोर्डवर यादी वाचली. दोनदा वाचली, असं मला ग्राउंड्समननं नंतर सांगितलं. मग किट उचलून निघून गेला. त्यानंतर तो कधी मैदानावर आला नाही. नव्या पोरांना तो जे शिकवू शकला असता ते त्याच्याबरोबरच गेलं.

अँडरसनला 2024 च्या उन्हाळ्याआधी समोर बसवून सांगितलं गेलं की पुढचा संघ तुझ्याशिवाय बांधायचा आहे. जुलैत लॉर्ड्सवर त्याला शेवटची कसोटी दिली. 188 कसोट्या, 704 बळी, वय 41. त्याच सामन्यात गस अॅटकिन्सननं पदार्पणात 12 बळी घेतले. आणि अँडरसन त्या संघाबरोबरच थांबला, गोलंदाजांना शिकवायला. त्याला ते आवडलं नसणार. मलाही वाटतं की त्याच्यात अजून थोडं शिल्लक होतं. पण त्याला ते वर्तमानपत्रातून कळलं नाही.

शनिवारी तुझ्या त्या गोलंदाजाचा सामना आहे ना? चहानंतरचं बघून ये. रविवारी बैठकीला जाण्याआधी मागच्या दोन पोरांची षटकं कागदावर लिहून ने. जो निर्णय होईल तो होवो, यादी लागण्याच्या आधी त्याच्या घरी तू स्वतः जा. फोनवर नको. चहा देतील तर घे, बस, आणि तो जे बोलेल ते ऐकून घे. मग मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
सर