व्हॅक्यूम पंप बंद केला की तेल नळीत चढतं, ते बॅगेपर्यंत जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एसी-फ्रिजवाले वापरतात तो डबल स्टेज पंप कार्बन फायबरचा पार्ट दाबून बसवायच्या व्हॅक्यूम बॅगेला (इपॉक्सी लावलेलं कापड ज्यात ठेवून हवा काढतात ती पिशवी) लावलाय आणि बंद केला की पारदर्शक नळीत तेल वीतभर वर येतं. पंप बिघडलेला नाही, बदलायला जाऊ नका. तेलातल्या रोटरी व्हेन (फिरत्या पात्यांच्या) पंपाचा तो स्वभावच आहे. पंप थांबला की एका अंगाला बॅगेतली पोकळी उरते, दुसऱ्या अंगाला तेलावर बाहेरची हवा दाब देत बसलेली असते. ती हवा फटीफटीतून तेलाला वर रेटते. काही पंपांत हे रोखणारा व्हॉल्व्ह आतच असतो, पण स्वस्तातल्या पंपात त्याच्यावर विसंबू नये.

‘पंप जमिनीवर ठेव, नळी उंच टांग’ हा सल्ला मलाही मिळाला होता. मी नळी साडेतीन फूट वर टांगली आणि निर्धास्त झालो. आता हिशोब बघा: हवेचा दाब पाण्याला साधारण 10 मीटर उचलतो. तेल पाण्याहून हलकं, म्हणजे 11 मीटरच्या आसपास. माझ्या साडेतीन फुटांची काय कथा! एका रात्री बॅगेला पंप चालू ठेवून घरी जेवायला गेलो आणि लाइट गेली. सकाळी कॅचपॉटच्या (पंप आणि बॅगेच्या मधे तेल अडवायला बसवलेल्या डब्याच्या) तळाशी तेल. पॉट मोठा होता म्हणून पार्ट वाचला.

तेव्हापासून एकच नियम: पंप थांबण्याआधी पंपाला हवा द्यायची, बॅगेला नाही. पंपाच्या तोंडाशी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा. टीच्या एका फाट्यावर हवा आत घेणारा छोटा बॉल व्हॉल्व्ह, दुसऱ्या फाट्यावर बॅगेकडे जाणारा मोठा बॉल व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे कॅचपॉट, मग बॅग. बंद करताना आधी बॅगेकडचा व्हॉल्व्ह बंद, मग छोटा उघडा, फुस्स आवाज येऊ द्या, मग स्विच. क्रम उलटा झाला तर एवढी जुळणी करूनही तेल वर येणार.

मी समोर नसताना लाइट गेली तर? छोट्या व्हॉल्व्हच्या जागी सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) लावा, वीज नसताना उघडा राहणारा, आणि त्याची वायर पंपाच्याच स्विचवरून घ्या. वीज गेली की तो आपोआप उघडतो. घेताना डायरेक्ट ॲक्टिंगच मागा, म्हणजे झडप थेट हलवणारा. पायलटवाल्याला उघडायला दाबातला फरक लागतो, व्हॅक्यूमवर तो दगा देऊ शकतो. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणेल. नसतात. बॅगेकडच्या व्हॉल्व्हलगत एक नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्हही हवा, नाहीतर सोलेनॉइडमधून आलेली हवा बॅगेत शिरेल. पाण्याच्या लाइनचा जाड स्प्रिंगचा घेऊ नका, तो उघडायलाच इतका दाब खातो की बॅगेत पूर्ण व्हॅक्यूम येत नाही. मी गाडीच्या ब्रेक बूस्टरचा वापरतो; स्वस्त आहे आणि हलक्या दाबाला उघडतो. पण नुसता नॉन-रिटर्न लावून सुटका नाही. टीला हवा मिळाली नाही तर तेल त्या व्हॉल्व्हपर्यंत येऊन उभं राहतंच.

कॅचपॉटमध्ये पंपातलं सगळं तेल मावून वर जागा उरली पाहिजे. दोन्ही नळ्या झाकणातून घ्या. जुना प्रेशर कुकर उत्तम. प्लॅस्टिकचा पातळ डबा आत दबून चिरडतो. आणि पंपात तेल त्याच्या काचेवरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल आधी नळीत येतं.

एकदा तेल चढलेली नळी पुसून परत बॅगेला लावू नका. आतला तेलाचा पातळ थर निघत नाही आणि कापडावर थेंब पडला तर तिथे इपॉक्सी धरत नाही. नळी मीटरवर मिळते, कार्बन कापडाच्या मानाने फुकटच.