चौरस्त्यावर काही ठेवू नकोस

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विक्का, म्हणजे निसर्गपूजा आणि जादूविधींचा तो आधुनिक पाश्चात्त्य पंथ, एकटीने, घरातल्या घरात करता येतो का, असं तू विचारलंस. येतो. विक्काला कोणी हजारो वर्षांची गुप्त विद्या म्हटलं तर भुलू नकोस. इंग्लंडमधला 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रज माणसाने ती उघडपणे लोकांपुढे मांडली. वाट नवी आहे, म्हणूनच तिला आपल्या मातीप्रमाणे वळवायची मोकळीक आहे.

सगळ्यात जड गोष्ट आधी सांगते. आपल्या खानदेशात, सातपुड्यातल्या पाड्यांवर, डाकीण ठरवून बायांना मारलं आहे, गावाबाहेर काढलं आहे. तू श्रद्धेने चौरस्त्यावर लिंबू आणि हळदकुंकू ठेवशील. दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एखादं लेकरू तापाने फणफणलं, तर संशय कॉलेजात जाणाऱ्या तुझ्यावर यायचा नाही, कोपऱ्यावरच्या एकट्या म्हातारीवर जाईल. म्हणून जे करशील ते घरात आणि फक्त स्वतःसाठी कर. कुणाचं मन वळवणं नको, कुणाला बरं करून देणं नको, पैसे तर मुळीच नकोत. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीसकट वाच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र घालणं हा त्यात गुन्हा आहे.

आता मांडणी. एक पाट घे. उत्तरेला वाटीभर शेतातली माती, पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला पणती, पश्चिमेला पाणी. कुठल्या दिशेला काय, हे इंग्लंडातूनच आलं आहे, पण जळगावात बसलं की उत्तरेला खरोखर सातपुडा आहे आणि तापीही पश्चिमेकडेच वाहते, त्यामुळे त्या दिशा इथे छान बसतात. मातीऐवजी मीठ घेतलंस तर नंतर ते तुळशीत टाकू नकोस, रोप जळतं.

मेणबत्तीच्या फंदात पडू नकोस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅराफिनची मेणबत्ती कपाटातच मऊ पडून वाकते, मग पेटवली की एका अंगाने ओघळते. पणतीत चहाचा एक चमचा तिळाचं तेल घाल, पंधरा मिनिटांना पुरून उरतं. वात तेलाबाहेर तांदळाच्या दाण्याएवढीच ठेव, जास्त काढली तर काजळी धरते. कूलर बंद कर. आणि वेचणीच्या दिवसांत कापूस घरात भरलेला असेल तर त्या खोलीत ज्योतही नको, उदबत्तीही नको. एक ठिणगी वर्षाचं पीक घेऊन जाते.

परदेशी याद्यांतल्या सेज आणि रोझमेरीवर पैसे घालवू नकोस. तुळस, ओवा, वाळलेला कडुलिंब पुरे. धोतऱ्याला मात्र हात लावू नकोस. तो उकिरड्यावर फुकट मिळतो, पण त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन माणसाला भ्रमात नेतं, जीवही घेतं.

रोज दहा मिनिटं बस. तळवे जमिनीला टेकव, दहा श्वास मोज, मग एका वाक्यात मागणं बोल. ते महिन्याने तपासता येईल असं हवं. ‘मला शांती मिळो’ हे तपासायचं कसं? ‘रात्री दहानंतर मोबाइल हातात घेणार नाही’ हे तपासता येतं. चंद्र वाढता असताना काही सुरू करावं, पौर्णिमेनंतर काही सोडावं. तिथीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय आहेच.

विक्काच्या, सूर्य आणि ऋतूंवर बेतलेल्या आठ सणांचं वर्षाचं चक्र मात्र जसंच्या तसं उचलू नकोस. लंडनला जूनमधला सर्वात मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वात लहान आठ तासांहून कमी. जळगावात हाच फरक जेमतेम अडीच तासांचा. तिथला हिवाळ्यातला सूर्याचा धावा इथे पोकळ वाटतो. इथे वेगळं काही घडतं. 25 मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराला थोडा वेळ असताना, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीत सपाट जागी एक सरळ डबा ठेव. त्याची सावली हळूहळू आखडत बुडाखाली शिरते, दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, मग दुसऱ्या बाजूने बारीक काळी कड डोकावते. नंदुरबारला हे दोनेक दिवस उशिरा घडतं. इंग्लंडात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. हा दिवस तुझा मोठा सण मान. डोक्यावर रुमाल घे आणि आधी पाणी पी.

आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई हे आपले खानदेशी सण घरात आहेतच. त्यांना विक्काची नावं चिकटवू नकोस. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, आजी सांगेल तसंच कर.

एक वही ठेव. तारीख, तिथी आणि मागणं आधी लिही, काय झालं ते महिन्याने त्याच पानावर लिही. नंतर आठवून लिहिलंस तर जुळलेलं तेवढंच आठवेल. चुकलेले दिवसही लिही. आणि झोप उडाली, भीती वाटू लागली, आवाज ऐकू येऊ लागले, तर पाट उचलून ठेव, घरी सांग आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, आपण बसून पाहू.