क्रोमा ही ऑस्ट्रेलियाची कंपनी आहे का?

नाही भाऊ, टीव्ही-फ्रीजसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं असलेली क्रोमा टाटांचीच. दुकानं चालवते ती इन्फिनिटी रिटेल, टाटा सन्सची कंपनी. पहिलं दुकान 2006 मध्ये मुंबईत जुहूला उघडलं.

पण तुम्ही ऐकलं ते अगदीच हवेतलं नाही. सुरुवातीला ऑस्ट्रेलियाची वूलवर्थ्स ही किरकोळ विक्रीतली कंपनी सोबत होती. तेव्हा परदेशी कंपनीला आपल्याकडे अनेक ब्रँडचं किरकोळ दुकान थाटायला बंदी होती, घाऊक व्यापाराला मात्र मोकळीक. म्हणून वूलवर्थ्सनं इथे घाऊक कंपनी काढली. ती माल खरेदी करून इन्फिनिटीला द्यायची, दुकान कसं चालवायचं तेही शिकवायची, आणि गिऱ्हाइकाला विकायचे टाटा. कायद्यातली फट बरोबर हेरली होती! 2012 मध्ये वूलवर्थ्स इथून बाहेर पडली आणि तो घाऊक धंदा टाटांनीच विकत घेतला. गंमत म्हणजे अनेक ब्रँडच्या किरकोळ दुकानांत 51 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला सरकारनं परवानगी दिली तीही त्याच वर्षी.

आम्हा नागपूरकरांना असल्या दुकानांची सवय व्हायला जरा वेळच लागला. सीताबर्डीवर टीव्ही घ्यायचा म्हणजे दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून आपल्याकडे फिरवणार, आपण मान हलवणार, तो पुन्हा दाबणार, मधे चहा येणार. आणि एप्रिल लागला की कूलर मात्र अजूनही आमच्या घरी ओळखीच्या दुकानातूनच येतो. वाळ्याच्या ताट्या बसवायला त्याचाच माणूस लागतो ना.