पहिलं रोमन नाणं घेताना

सुरुवात सोन्याचांदीने करू नका. इसवी सनाच्या चौथ्या शतकातली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची छोटी तांब्याची नाणी घ्या. ती ढिगाने सापडतात, म्हणून स्वस्त असतात, आणि शिकायला यांच्याइतकं चांगलं काही नाही. 'ग्लोरिया एक्झर्सिटस' (लॅटिनमध्ये 'सैन्याचं वैभव') अशी अक्षरं असलेलं नाणं भिंगाखाली धरा: दोन सैनिक, मध्ये ध्वज. दोन ध्वज असतील तर साधारण ३३० ते ३३५, एकच असेल तर त्यानंतरचं. पायांखालची अक्षरं टांकसाळ सांगतात. किती मजा येते बघा!

नवशिके हमखास करतात त्या चुका:
- नाणं घासून चकचकीत करणं. हिरवट-तपकिरी थर गेला की परत येत नाही.
- अनोळखी विक्रेत्याकडून 'स्वस्तात' दिनारियस (रोमनांचं चांदीचं नाणं) घेणं. कडेवर साच्याची रेघ दिसली तर ते ओतून केलेलं नकली नाणं समजा आणि सोडून द्या.

वजन आणि व्यास मात्र पहिल्या नाण्यापासूनच वहीत लिहा.