बाईंना विचारा : सुतळी, चिरा आणि आगळ

प्रश्न : गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथी शिकवते. दोन्ही वर्गांत मिळून 14 मुलं. भूजल शिकवायला घेतलं की फळ्यावरची निळी पट्टी बघून मुलांना वाटतं, जमिनीखाली मोठं तळं आहे. घोषणा, पोस्टरं सगळं झालं. शाळेच्या आवारात विहीर आहे, पण नळ आल्यापासून तिच्याकडे कोणी फिरकत नाही. काय करू?

आधी पोस्टरं थांबवा. मी ती पुष्कळ करून घेतली आहेत, म्हणून सांगते. डिचोलीकडे होते तेव्हा एका 22 मार्चला, जलदिन म्हणून, ‘पाणी वाचवा’ची चित्रं काढायला मुलांना बसवलं. एक पोरगी कोऱ्या कागदापुढे बसून राहिली. का गं, म्हटलं. तर म्हणाली, ‘‘बाई, आमचे बांयत उदकच ना, मागीर वाटावचें खंयचें?’’ (आमच्या विहिरीत पाणीच नाही, मग वाचवायचं कुठलं?)

तिचं घर खाणीला लागून. 2012 साली खाणी बंद झाल्या, त्याच्या आधीची ही गोष्ट. खाणीचा खंदक भोवतालच्या पाण्याच्या पातळीखाली गेला की बाजूंनी पाणी त्यात पाझरतं, आणि काम चालू ठेवायला ते रात्रंदिवस उपसावं लागतं. मग शेजारच्या विहिरींचं पाणीही उताराला लागल्यासारखं तिकडेच सरकतं. हे त्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं. रोज कळशी घेऊन तिसऱ्या वाड्यावर जाताना तिला ते कळलं होतं. माझ्या फळ्यावर मात्र तीच निळी पट्टी!

तळ्याची समजूत घालवायला चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाचा, तुकडा पुरतो. कुठेतरी बांधकाम चालू असेलच, दोन तुकडे मागून आणा आणि चार दिवस उन्हात वाळवा. एक किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायचा, पाण्याच्या बादलीत सोडायचा. बुडबुडे येतात ते मुलांनाच मोजू द्या (मोजून होणार नाहीत, पण हौस असते). दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे दगडात शिरलेलं पाणी. दुसरा तुकडा विटेसारखा आडवा ठेवून त्यावर तांब्याभर पाणी हळूहळू ओता, आणि शेजारी मळलेल्या चिकणमातीच्या गोळ्यावरही तेवढंच. आपल्या सड्याची, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराची, रचना हीच आहे : वर भोकाभोकांचा जांभा, खाली चिकणमातीचा थर. जांभ्यातून उतरलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथे सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. आपली कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, अशाच झऱ्यांवर शिंपली जात आली. पणजीतल्या फोंतेन्यासचं तर नावच झऱ्यावरून पडलंय.

आता विहीर. सुतळीला एक वजनदार दगड बांधा, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, आणि दर सोमवारी कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी लागल्या ते वहीत लिहा. सुतळी तुमच्या हातात, कठड्याजवळ एका वेळी दोनच मुलं, बाकीची मागे खडूच्या रेघेबाहेर. हे मी दटावूनच सांगते. सुरुवात मे महिन्यातच करायला हवी. सुट्टी असली तरी शाळेजवळ राहणारं एखादं पोर आणि त्याची आई हे काम आनंदाने करतात.

पहिला पाऊस पडला की मुलं धावत जातील, आणि पातळी तिथेच असेल. हिरमुसू देऊ नका. आधी तहानलेली माती पिते, उरेल ते खाली जातं. मग जुलैत एका आठवड्यात गाठीमागून गाठी वर येतात, वर्गात गलका होतो. खरा धडा मात्र दिवाळीनंतरचा. पाऊस संपला, विहिरीतून कोणी घागरभरही काढत नाही, तरी पाणी उतरतच जातं. कुठे जातं? हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, मग त्यांना झरा दाखवायला न्या. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिलात टँकर येतात. जांभा पाणी घेतो तितक्याच उदारपणे सोडूनही देतो.

चौथीला गणितही मिळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. शाळेचं छप्पर 80 चौरस मीटर धरलं तर 3000 मिलिमीटरला 2,40,000 लीटर. पन्हळीतलं ते पाणी गटारात जातं की झाडांच्या आळ्यांत, हे मुलं स्वतःच बघून येतील. मी घरी अंगणभर पेव्हर घातले आणि पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी रस्त्यावर गेलं. निम्मे उचकटले आहेत. उरलेल्यांवरून घरात अजून बोलणी चालू आहेत.

प्रश्न : मी मांद्र्याला सहावीत आहे. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं. आजी म्हणते, समुद्र आत आला. खरं का?

पुता, आजी बरोबर आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी 1 मीटर उभं असेल, तर खाली ते सुमारे 40 मीटर खोल असतं. आता उलट बघ. आजूबाजूच्या पंपांनी वरचं पाणी नुसतं 1 मीटर उतरलं, तरी खालचं खारं किती वर सरकेल!

आईकडून थोडं आमसुलाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला लाल रस, माग. त्यात मीठ असतंच. ग्लासात दोन बोटं आगळ घे, त्यावर चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश पाणी सोड. लाल खाली राहील, पाणी वर. मग वरच्या पाण्यात स्ट्रॉ धरून हळू ओढत राहा. लाल कधी तोंडात आलं ते मला कळव, आणि ओढण्याचा जोर कमी केल्यावर काय झालं तेही. उरलेल्याचं सरबत कर.

प्रश्न : आमच्या शाळेची विहीर वापरात नाही. मुलांना धोका नको म्हणून ती बुजवून बोअर मारावी असं पालक सभेत ठरतंय. आपलं मत?

बुजवू नका. धोका कठड्याने आणि लोखंडी जाळीने जातो. नव्या बोअरला गोवा भूजल नियमन कायदा, 2002 खाली परवानगी लागते, ती न घेता यंत्र बोलावू नका. त्याआधी शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर आहे ना, ते टेप लावून मोजा. मोजायला मुलांना घ्या. एप्रिल-मेमध्ये गाळ काढून घ्या. बुजवण्यासाठी माती कोणी आणून टाकलीच असेल, तर ती मैदानातल्या खड्ड्यांत घाला.